खबर कोणाची, जीव कोणाचा

आमच्या दादाचं म्हणणं असं, की निळी टोपी घातलेल्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या, जवानाचा हेरगिरीशी काही संबंध असू नये. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. सैन्यातून निवृत्त, पूर्व काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर जाऊन आलेला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने परवा लांबलचक टिपण टाकलं. गोऱ्या देशांना शांतिसेनेत गुप्तवार्तेचं नवं खूळ सुचलंय. ड्रोन त्यांचे, संगणक त्यांचे, विश्लेषक त्यांचे, मरायला मात्र आमची पोरं. आम्ही सत्तर वर्षं लोकांची मनं जिंकून हे काम केलं, आम्हाला कोणी शिकवू नये. आणि शेवटी, "शांतिसैनिकाला त्याचा निष्पक्षपणा वाचवतो, खबरे वाचवत नाहीत." खाली अंगठे आणि तिरंगे यांची रांग.

याच ग्रुपवर दर शिवजयंतीला बहिर्जी नाईकांचं चित्र फिरतं. स्वराज्याचा तिसरा डोळा वगैरे. त्यालाही याच लोकांचे अंगठे असतात. म्हणजे आपण काढली तर खबर, दुसऱ्याने काढली तर हेरगिरी.

मी उत्तर लिहिलं, दादाने त्याला उत्तर दिलं, मग एका मावसबहिणीने "तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस" म्हणून पडदा पाडला. ग्रुपवर विषय संपला. माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

आधी ते 'आम्ही कधी असलं केलं नाही' घेऊ. काँगोतली पहिली मोहीम, १९६० ते १९६४. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांचं परमवीरचक्र याच मोहिमेतलं, डिसेंबर १९६१, एलिझाबेथविल. हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, आणि असावंच. पण त्याच मोहिमेत यूएनने 'लष्करी माहिती शाखा' उघडली होती. नाव सोवळं, काम तेच. काँगोतून फुटून निघालेल्या कटांगा प्रांताच्या फौजेचे रेडिओ संदेश चोरून ऐकायचे, पकडलेल्यांकडून माहिती काढायची, विमानातून फोटो घ्यायचे. १९६२ च्या डिसेंबरअखेर कटांगाच्या सेनापतीने एलिझाबेथविलच्या विमानतळावर बॉम्ब टाकायचा हुकूम सोडल्याचं रेडिओवर कानावर आलं. कटांगातल्या यूएन फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल देवान प्रेमचंद. त्यांनी त्या संदेशाच्या जोरावर सरचिटणीस ऊ थांट यांच्याकडून कारवाईची परवानगी मिळवली. 'ऑपरेशन ग्रँडस्लॅम' सुरू झालं आणि जानेवारीत कटांगाचं बंड मोडलं. न्यूयॉर्कला ऊ थांट यांचे लष्करी सल्लागार होते इंदरजित रिख्ये. म्हणजे चोरून ऐकलेल्या संदेशावरून निर्णय घेणाऱ्या साखळीच्या दोन्ही टोकांना भारतीय अधिकारी होते. दादाला हे पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "ती लढाई होती, शांतिसेना नव्हती." सलारियांच्या वेळी ती शांतिसेना असते, रेडिओच्या वेळी लढाई होते.

मी रॉटरडॅमच्या बंदरात नोंदी जुळवण्याचं काम करते. जहाज आपण कुठे आहोत ते स्वतः सांगत असतं, रडार कधी कधी वेगळंच सांगतं, माल काय आहे ते एजंटने लिहून दिलेलं असतं, मागच्या बंदरातली नोंद तिसरंच काही म्हणते. यातली एकही नोंद एकटी कामाची नसते. दोन नोंदी एकमेकींशी भांडायला लागल्या की आमचं काम सुरू होतं. त्यामुळे शांतिसेनेतल्या गुप्तवार्तेबद्दल लोक जेव्हा गॉगल लावलेला माणूस आणि छुपा कॅमेरा डोळ्यांसमोर आणतात, तेव्हा माझी थोडी करमणूक होते. त्या कामातलं नव्वद टक्के कारकुनी आहे.

समजा, पूर्व काँगोतला एखादा तळ आहे. मंगळवारचा बाजार नेहमीपेक्षा विरळ भरला, असं गस्तीवरून आलेला हवालदार सांगतो. पुढच्या टेकडीवरच्या गावातून बायका चटया आणि भांडी डोक्यावर घेऊन उतरल्या, असं मिशनने नेमलेला स्थानिक संपर्क सहायक फोनवर कळवतो. मानवी हक्क अधिकाऱ्याकडे आदल्या आठवड्यात दोन मुलं पळवून नेल्याची तक्रार आलेली असते. यूएन पोलिसांना नदीच्या उतारापाशी अनोळखी मोटरसायकली दिसलेल्या असतात. ड्रोनच्या रात्रीच्या चित्रात जंगलात जिथे काही नसायचं तिथे पाचसहा शेकोट्या. पाच माणसं, पाच खाती, पाच वह्या. प्रत्येकाने आपापल्या साहेबाला कळवलेलं असतं आणि प्रत्येक साहेबाने 'नोंद घेतली' म्हणून सही केलेली असते. हे सगळं एका टेबलावर आलं, तर कोणीही शहाणा माणूस म्हणेल की दोनतीन रात्रींत हल्ला होणार. पण टेबलच नसेल तर?

ते टेबल मांडायचा प्रयत्न यूएन गेली वीसएक वर्षं करतंय. 'संयुक्त मोहीम विश्लेषण केंद्र' ही कल्पना त्यातलीच. लष्करी, पोलीस आणि नागरी माणसं एका खोलीत बसवायची, चोवीस तासांच्या घडामोडींसाठी दुसरी खोली, फौजेची स्वतःची गुप्तवार्ता शाखा वेगळी. हैतीत २००५ ते २००७ च्या दरम्यान सिते सोलेय या वस्तीतल्या टोळ्यांवर झालेली कारवाई अशाच केंद्राच्या कामावर उभी होती. टोळीचा म्होरक्या कुठे झोपतो, कोणत्या गल्लीतून पळतो, हे वस्तीतल्याच लोकांनी सांगितलं होतं. दादा ज्याला 'लोकांची मनं जिंकणं' म्हणतो ते हेच तर आहे. जिंकलेल्या मनांनी सांगितलेलं कुठेतरी लिहून ठेवून दुसऱ्याच्या माहितीशी जुळवलं, एवढाच फरक.

आता किवान्जा. हे नाव मी ग्रुपवर टाकलं आणि दादा दोन दिवस गप्प होता.

नोव्हेंबर २००८, पूर्व काँगोतला उत्तर किवू प्रांत. लोरां न्कुंडाच्या बंडखोरांनी किवान्जा गावात घराघरांतून पुरुषांना बाहेर काढून मारलं. सुमारे १५० माणसं गेली. यूएनचा तळ मैलभराच्या आत होता, आणि तिथे होते भारतीय जवान, शंभराच्या आसपास. त्यांनी मुद्दाम डोळेझाक केली असं कोणी जबाबदार माणूस म्हणत नाही. घाबरलेल्या मदतकार्यकर्त्यांना बाहेर काढणं आणि पळवून नेलेल्या एका परदेशी पत्रकाराचा शोध, यात ते गुंतले होते. गावात काय चाललंय ते त्यांना कळलंच नाही. लोकांशी बोलायला दुभाषा नव्हता आणि खबर गोळा करायची कसलीही व्यवस्था नव्हती. मैलभरावर कत्तल चालू आणि तळाला पत्ता नाही. यात शौर्याचा प्रश्न येतोच कुठे? जो जवान छातीवर गोळी झेलायला तयार आहे, त्याला गोळी कुठे चाललीय हे सांगणारं कोणी नव्हतं.

यानंतरच्या वर्षांत मोनुस्कोने, म्हणजे काँगोतल्या यूएन मोहिमेने, काँगोली संपर्क सहायक नेमून एकेका तळाशी जोडले, गावोगावी फोनची साखळी केली. हे ड्रोनच्या आधीचं. ड्रोन आले डिसेंबर २०१३ मध्ये, गोमाहून, शस्त्रांशिवाय. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१२ मध्ये, हजारो शांतिसैनिक असताना एम-२३ या बंडखोर गटाने गोमा शहर घेऊन दाखवलं होतंच.

दक्षिण सुदानचंही तेच. ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेईत गुमुरुकजवळ ताफ्यावर घात घालून पाच भारतीय जवान मारले गेले, सोबतचे सात नागरिकही. त्याच वर्षी डिसेंबरात अकोबोच्या छोट्या तळावर दोनेक हजारांचा सशस्त्र जमाव चालून आला, आणखी दोन जवान गेले, तळात आश्रयाला आलेले लोक गेले. दोन हजार माणसं काही आकाशातून पडत नाहीत. ती जमतात, चालतात, खातात, बोलतात. यूएनच्या मोहिमांत भारताचे पावणेदोनशेच्या आसपास जवान गेले आहेत, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो. मला कधी कधी वाटतं, तो आकडा घेऊन कोणीतरी चिडायलाही हवं होतं.

इथे चिडतात. मी ज्या देशात राहते त्या नेदरलँड्सने जुलै १९९५ मध्ये बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा पाहिलं. पाहिलं म्हणजे अक्षरशः. डच तुकडीच्या देखत पुरुष आणि मुलं वेगळी काढली गेली आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांवर मारली गेली. सर्ब फौजा नेमकं काय करणार आहेत याची पक्की खबर त्या तुकडीकडे नव्हती. ज्या मित्रदेशांकडे काही होतं ते तिथवर पोचलं नाही. मग काय झालं? सात वर्षांनी, एप्रिल २००२ मध्ये, चौकशीचा हजारो पानांचा अहवाल आला आणि पंतप्रधान विम कोक यांचं सगळं मंत्रिमंडळ पायउतार झालं. त्या अहवालाला गुप्तवार्तेवर स्वतंत्र जाडजूड पुरवणी आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३५० पुरुषांच्या मृत्यूत सरकारची दहा टक्के जबाबदारी ठरवली. २०२२ मध्ये पंतप्रधान रुटे यांनी त्या तुकडीच्या जवानांची माफी मागितली, धड साधनं आणि पाठबळ न देता पाठवल्याबद्दल.

म्हणून आज इथून एक माणूस बाहेर पाठवायचा तरी आधी डच घटनेतल्या कलम १०० चं पत्र ट्वेडे कामरच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, टेबलावर येतं. धोका काय, पैसा किती, दवाखाना किती मिनिटांवर, हेलिकॉप्टर कोणाचं, खबर कोण देणार, परत कधी येणार. खासदार त्याची चिरफाड करतात आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी ती चर्चा मी भांडी घासताना ऐकलेली आहे. आपल्या घटनेत अशी सक्ती नाही. पलटण जाते, वर्षाने परत येते, विमानतळावर हार घालतात. एखाद्या जवानाचं पार्थिव येतं तेव्हा पालकमंत्री येतात. त्याच्या तळावर काय माहिती होती आणि काय नव्हती हे विचारायला कोणीच येत नाही.

दादाने इथे मला बरोबर पकडलं. "मग तुमच्या शहाण्या डचांनी मालीत काय दिवे लावले?"

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर मला सोयीचं नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये डच सरकारने मालीतल्या यूएन मोहिमेत फौज पाठवायचं ठरवलं. साडेतीनशेहून अधिक माणसं, चार अपाची हेलिकॉप्टरं, विशेष दलं, आणि मुख्य म्हणजे गुप्तवार्ता. यूएनच्या इतिहासात प्रथमच सगळ्या स्रोतांची माहिती एकत्र करणारं वेगळं युनिट उभं राहिलं, असिफू. मुख्यालय राजधानी बामाकोत, डच टेहळणी कंपनी गाओमधल्या कॅम्प कास्टॉरमध्ये, नंतर स्वीडिश कंपनी तिंबक्तूला. अफगाणिस्तानात नाटोबरोबर शिकलेलं सगळं इथे आणलं. छोटे ड्रोन, जमातींचा अभ्यास करणारे विश्लेषक, इंटरनेटवरची माहिती चाळणारी माणसं, सुंदर नकाशे, सुंदर अहवाल.

ते अहवाल वाचायचे कोणी? असिफूची संगणक-व्यवस्था नाटोच्या धर्तीची, तिथे आफ्रिकी अधिकाऱ्यांना प्रवेश नाही. भाषा इंग्रजी, आणि उत्तरेत खरोखर उन्हात उभ्या असलेल्या बहुतेक पलटणी फ्रेंच बोलणाऱ्या. अहवालांचा सूर मोठ्या चित्राचा. तुआरेग जमातीच्या गटांची आपसातली समीकरणं, तस्करीचे मार्ग, येत्या सहा महिन्यांचे अंदाज. उत्तरेतल्या किदालच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर नेणाऱ्या चाडच्या लेफ्टनंटला एवढंच हवं होतं की उद्या सकाळी कोणत्या वळणावर बॉम्ब पुरलेला असेल. तोवर मिशनमध्ये विश्लेषण केंद्र होतंच, फौजेची गुप्तवार्ता शाखाही होती, आणि या तिघांचं आपसात फारसं बरं नव्हतं. दोनतीन वर्षांनी असिफू मोडून फौजेच्या शाखेत मिसळावं लागलं. माली सरकारने २०२३ मध्ये सगळ्या मोहिमेलाच जा म्हणून सांगितलं. तोवर तीनशेहून अधिक शांतिसैनिक गेले होते, आणि त्यांत आफ्रिकी पलटणींचा वाटा सर्वात मोठा.

म्हणजे दादाची तक्रार अगदीच हवेतली नाही. माहिती गोळा करणारा एक, मरणारा दुसरा, आणि मधे पासवर्ड. यूएन जमवलेली खबर सगळ्यांना देत नाही, कारण खबर देणारा देश आधीच बजावतो की माझ्याकडून आलेलं पुढे कोणाला द्यायचं नाही. शंभराहून जास्त देशांच्या फौजा एकत्र असल्या की एकाचा मित्र दुसऱ्याचा वैरी असतो. पूर्व काँगोत तर उत्तर किवूत भारतीय आणि दक्षिण किवूत पाकिस्तानी ब्रिगेड शेजारी शेजारी होत्या. त्या दोघींवर २००५ ते २००७ मध्ये कमांड होती एका डच जनरलची, पॅट्रिक कामार्ट यांची. तिथे त्यांनी दोघांकडून माहिती घेतली आणि दोघांना दिली. सगळं एका ठिकाणी जुळलं पाहिजे म्हणून आयुष्यभर ओरडणारा हा माणूस भारतीय आणि पाकिस्तानी जवानांच्या जिवावर काम करून गेला आणि दोघांबद्दल चांगलं बोलला. हे दादाला सांगितलं तर म्हणाला, "तो चांगला होता." बरं.

पण मालीवरून निघणारा निष्कर्ष दादाच्या निष्कर्षाच्या उलटा आहे. असिफू फसलं कारण ज्यांना खबर लागत होती ते टेबलावर नव्हते. यावर उपाय टेबलावर जाऊन बसणं हा आहे, टेबलाला नावं ठेवणं हा नाही. आणि आपण काय केलं? २००० मध्ये शांतिसेनेच्या सुधारणांसाठी यूएनने नेमलेल्या लखदर ब्राहिमींच्या समितीने न्यूयॉर्कला माहितीच्या विश्लेषणासाठी कायमचं सचिवालय काढायला सांगितलं. विकसनशील देशांच्या गटाने त्याकडे संशयाने पाहिलं आणि ते बारगळलं. गंमत बघा, त्याच वर्षी सिएरा लिओनमध्ये आपले दोनशेहून अधिक जवान कैलाहूनला वेढ्यात अडकले होते आणि ऑपरेशन खुकरी करून आपणच त्यांना सोडवलं. २०१७ मध्ये यूएनने शांतिसेना-गुप्तवार्तेचं धोरण केलं, २०१९ मध्ये सुधारलं. त्यात साफ लिहिलंय की छुप्या मार्गाने काही करायचं नाही, मानवी हक्क मोडायचे नाहीत, कोणा एका देशासाठी काम करायचं नाही. दादाचा 'हेर' त्यात बसतच नाही. "कागदावर सगळं असतं," तो म्हणाला. असतं. पण कागद लिहिताना ज्यांची माणसं खोलीत असतात, त्यांच्या मनासारखा तो लिहिला जातो.

आणि आपण अगदीच बाहेर होतो असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद आपल्याकडे असताना जयशंकर यांनी तंत्रज्ञान आणि शांतिसेना या विषयावर चर्चा घेतली, आणि 'युनाइट अवेअर' ही माहिती एकत्र दाखवणारी व्यवस्था उभी करायला भारताने १६.४ लाख डॉलर दिले. भारताने स्वतःचे पैसे घातलेली गोष्ट 'गोऱ्यांचं खूळ' म्हणून ग्रुपवर फिरते, हे मला जास्त लागलं. दादाला ही रक्कम माहीत नव्हती. त्याला ते आवडलंही, तसं त्याने कबूल केलं नाही.

एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिली नाही, इथे लिहिते. यूएनने आपल्याविषयी काही जाणून घ्यावं हे आपल्याला मुळातच रुचत नाही. काश्मीरमध्ये १९४९ पासून यूएनचे लष्करी निरीक्षक आहेत, श्रीनगरला त्यांचं कार्यालय आहे, आणि सिमला करारानंतर त्यांचं काम संपलं असं आपण पन्नास वर्षं म्हणतोय. कारणं असतील, आहेतही. पण काँगोतल्या गावकऱ्याने आपल्या जवानाला सगळं सांगावं आणि आपल्या हद्दीत निळ्या टोपीवाल्याला कोणी काही सांगू नये, या दोन अपेक्षा एकाच डोक्यात सुखाने नांदतात. हे लिहिलं असतं तर मला ग्रुपमधून काढलं असतं, म्हणून लिहिलं नाही. परदेशात राहणाऱ्याने काश्मीरचं नाव काढलं की पुढचं कोणी वाचत नाही.

दादा त्याच्या तळावरच्या एका पोराविषयी सांगायचा, टिपणं टाकायला लागण्याच्या खूप आधी. पंधरासोळा वर्षांचा, भारतीय कंपन्यांच्या तळाभोवती वाढलेला, स्वाहिली तर बोलायचाच आणि हिंदी सिनेमे बघून हिंदीही. तो रोज संध्याकाळी फाटकावर यायचा, बिस्किटं घ्यायचा आणि गावात कोण आलं, कोण गेलं ते सांगायचा. दादाने त्याचं सगळं एका वहीत लिहिलं. नावं, तारखा, कोणत्या टोळीचा कोण कोणाचा मेव्हणा. वर्ष संपलं, पलटण बदलली, ती वही नव्या कंपनीने वाचली की नाही दादाला माहीत नाही. वर ब्रिगेडला ती कधी गेली नाही, कारण कोणी मागितली नाही. तो पोरगा रोज फाटकावर येतो हे सगळ्या गावाला दिसत होतं, टोळीलाही. त्याचं पुढे काय झालं हेही माहीत नाही. त्याला हिंदीत बोलताना कोण ऐकतंय, याचा विचार करणं हाही गुप्तवार्तेच्या शिस्तीचाच भाग असतो. खबऱ्याला उघड्यावर भेटू नये, हा त्यातला पहिला धडा. दादा म्हणतो ते 'मन जिंकणं' त्या पोराच्या जिवाशी खेळ होता. हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आता उंटाबद्दल.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला सतरा पूर्ण होताना संरक्षण खात्याचं नोंदणीचं पत्र आलं. सगळ्यांनाच येतं, त्याचा अर्थ काही नसतो. सक्तीची हाक कधीची बंद आहे. तिने ते फ्रिजवर चिकटवलं आणि विसरली. मी विसरले नाही. मी ते पत्र वाचलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो कलम १०० चा. हिला पाठवतील तर दवाखाना किती मिनिटांवर असेल, हेलिकॉप्टर कोणाचं असेल, खबर कोण देईल. मालीतल्या किदालला जुलै २०१६ मध्ये सरावात तोफगोळा फुटून दोन डच सैनिक गेले. गोळे सदोष होते, खरेदीच्या वेळी नीट तपासले नव्हते. पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल येताच संरक्षणमंत्री हेनिस यांनी राजीनामा दिला, सरसेनापतीही गेले. दोन माणसांसाठी. मला ते तेव्हा फार थोर वाटलं होतं आणि मी ग्रुपवर अभिमानाने टाकलं होतं, जणू काही मीच राजीनामा मागितला होता.

दादा काँगोला निघाला होता तेव्हा यातलं काही मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं होतं, दादा, आम्हाला तुझा अभिमान आहे. मुलीसाठी मला मिनिटं मोजून हवी आहेत, भावासाठी अभिमान पुरला. एकाच घरातल्या दोन जिवांना मी दोन देशांचे भाव लावले, आणि ते इतकं सहज झालं की कळलंही नाही.

जूनअखेरच्या शनिवारी द हेगला माजी सैनिकांचं संचलन असतं. मीही पांढरा कार्नेशन लावून उभी राहते, मुलगी लहान होती तेव्हापासून. स्रेब्रेनित्साची तुकडी येते तेव्हा टाळ्या थोड्या वेगळ्या वाजतात. मालीवाले तरुण असतात, हसत जातात. टाळ्या वाजवताना मी त्यांची असते, निदान तसं वाटतं. पण त्या रांगेत चाडचा कोणी नसतो, बांगलादेशचा नसतो, आणि माझा दादाही नसतो, जरी त्याची आणि त्यांची टोपी एकाच रंगाची होती. इथल्या कोणाला हे खटकत नाही. मला खटकतं, आणि घरी जाऊन मी तेच डच संचलन किती शिस्तीचं होतं ते ग्रुपवर सांगते. मावसबहीण उंट म्हणाली ते उगाच नाही. फक्त उंट कोणाचा आणि शेळ्या कोणाच्या, हे मलाच धड ठरवता येत नाही. भारताचा पासपोर्ट मी परत केला. तिथे आता मला मत नाही, नातेवाईक आहेत. इथे मत आहे.

तर त्या मताचं काहीतरी करावं म्हणून मी इथल्या एका खासदाराच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. पुढच्या कलम १०० च्या पत्रात एक प्रश्न विचारा म्हणून: आपली माणसं जी माहिती जमवतील, ती सोबतच्या सगळ्यात कमी साधनांच्या पलटणीला, तिच्या भाषेत, त्याच दिवशी मिळणार का? नसेल मिळणार, तर तिच्या शेजारी आपण कशाच्या बळावर उभे राहणार? साचेबद्ध आभाराचं उत्तर आलं, खाली कोणा सहायकाचं नाव. मी ते दादाला पाठवलं.

त्याने विचारलं, "यात माझ्या वहीसारखी वही कोणी मागेल का?"

म्हटलं, ते तुझ्या खासदाराला विचार. पत्ता शोधून देते.